डुकरांच्या विभागाला गुलाबी पट्टी

तर मार्नीला ती खुर्ची हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव टाकून हवी होती. आणि खुर्ची तरी कसली, तर केल्सो काउंटीच्या जत्रेच्या ऑफिसातली, एका हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली, बसलं की फुस्स करून दोन इंच खाली जाणारी. पण त्याआधी मार्नी दोन वर्षं अंडी फोडायच्या कारखान्यात होती. दिवसभर पट्ट्यावरून अंडी येतायत, यंत्र फोडतंय, आणि ही कवचं वेचतेय. घरी येऊन कितीही शांपू चोळला तरी केसांचा वास जायचा नाही, आणि आईचा कुत्रा दारातच तिला असा चाटायचा की जणू नाश्ताच आला चालत. त्यामुळे तिच्यासाठी ती फुस्स होणारी खुर्ची म्हणजे स्वर्ग होता. समोर खिडकी, खिडकीतून जत्रेचं मैदान, आणि टेबलावर एकही अंडं नाही!

खुर्ची मूळची बर्नडीनची. एकतीस वर्षं तिनं ती सांभाळली आणि मग ॲरिझोनाला उन्हात राहायला निघून गेली. मार्नीला घेतलं ते नव्वद दिवसांच्या बोलीवर, आणि नव्वदावा दिवस येत होता नेमका शुक्रवारी, ज्या दिवशी जत्रेचं पुस्तक छापखान्यात द्यायचं होतं.

गेलन स्टुव्ह, जत्रा मंडळाचा अध्यक्ष, माणूस तसा भला. पण भल्या माणसासारखंच सगळं अगदी सरळ सांगायचा.

"हे बघ मार्नी, शुक्रवारी बाराच्या आत पुस्तक छापखान्यात, की खुर्ची तुझी."

"आणि नाही गेलं तर?"

"तर काय... अंडी फोडायला माणसं लागतातच की गं."

आता हे पुस्तक म्हणजे काही साधंसुधं नाही हां. अठ्ठ्याऐंशी पानं! कुणी कुठलं वासरू आणायचं, जामची बरणी गळ्यापासून किती खाली भरायची, ताटलीत बिस्किटं किती ठेवायची, सगळे नियम आणि सगळी बक्षिसं. आठ विभाग, आठ विभागप्रमुख, आणि प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला मोठा मथळा. मथळ्यामागे या समासापासून त्या समासापर्यंत राखाडी पट्टी. वर्षानुवर्षं राखाडी. कुणाला त्यात काही वाटायचं नाही, जसं आपल्याला भिंतीला काही वाटत नाही.

आणि एक रीत होती. प्रत्येक प्रमुखाकडे फक्त त्याच्याच विभागाची पानं तपासायला जायची. दुसऱ्याची बघायची नाहीत. पूर्वी कधीतरी मेंढीवाल्यानं बकरीवाल्यांच्या नियमांत पेन्सिल घातली होती म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. पानं तपासायची, ऑफिसात यायचं, एका कागदावर सही करायची. आठ सह्या झाल्या की पुस्तक छापायला जाणार. सात झाल्या तर नाही.

यंदा काय झालं, छापखानेवाल्यानं रंगीत छपाईचं यंत्र घेतलं आणि म्हणाला, पट्ट्या त्याच भावात रंगीत करून देतो. गेलनला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की त्यानं आठही प्रमुखांना फोन करून सांगितलं, "आपापला रंग आपण निवडा!"

आणि स्वतः गेला मासे मारायला.

मार्नीकडे चिठ्ठ्या आल्या. गायीबैलांना गडद तपकिरी. कोंबड्यांना पिवळा. डुकरांचा प्रमुख व्हर्लिन हाउगी, त्याला हिरवा, "मक्याच्या पानाचा, पोपटाचा नाही" असं खाली दोन रेघा मारून. आणि पाई-केक-ब्रेडच्या विभागाची आर्डिथ फ्रेरिक्स, तिनं तर चिठ्ठी नव्हे, पाईत घालतात त्या रुबार्बचं शिजवलेलं देठच बशीत आणून ठेवलं टेबलावर. लालसर गुलाबी, आंबटगोड वासाचं.

"हा रंग," आर्डिथ म्हणाली. "याच्यापेक्षा फिका नको, गडद नको. आणि खाऊ नकोस, नमुना आहे."

आर्डिथबद्दल दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, ती काउंटीच्या कोर्टात बावीस वर्षं टायपिस्ट होती, आणि तिच्या हातचा कागद बघून न्यायाधीश ताठ बसायचे. दोन, ती आणि व्हर्लिन अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एक शब्द नाही! का, तर अकरा वर्षांपूर्वी जत्रेत व्हर्लिनची डचेस नावाची डुकरीण गोठ्यातून सुटली, थेट पाईंच्या टेबलाशी गेली आणि परीक्षक यायच्या आत बारातल्या अकरा पाई खाल्ल्या. बारावी सोडली. ती बारावी आर्डिथची.

आता बघा, पाई खाल्ली असती तर आर्डिथनं एखाद वेळेस माफ केलं असतं. पण डुकरानं *सोडली!* मिरवणुकीत मुलं ओरडायची, "डचेसलासुद्धा नको!" नव्या परीक्षकाला कुणी ना कुणी ते सांगायचंच. आर्डिथ अकरा वर्षं तेच गिळत होती.

तर मंगळवारी सकाळी मार्नी फुस्स करून बसली आणि कामाला लागली. पहिला मथळा, शेडिंग, तपकिरी, झालं. पुढचा, पिवळा, झालं. मध्ये फोन, मध्ये तंबूवाला, मध्ये एक बाई विचारायला की सशाला कोट घातला तर चालेल का. शेवटी आर्डिथचा मथळा. मार्नीनं बशी स्क्रीनला लावून रंग जुळवला आणि मग भराभर आठ विभागांची पानं वेगळी काढून आठ जणांना ईमेल केली. मागे वळून पाहिलं नाही. ऑफिसचा प्रिंटर काळापांढरा, त्यामुळे कागदावरही काही दिसायचा प्रश्न नव्हता. नमुना तेवढा खाल्ला.

बुधवारी साडेसातला दार उघडलं आणि व्हर्लिन आत आला. पंचाहत्तरीचा, काठीसारखा उंच, डोक्यावर बियाणेवाल्यांची हिरवी टोपी. त्यानं टोपी काढली, टोपीतून घडी काढली, घडी उलगडून टेबलावर ठेवली. वाचनालयातून रंगीत छापून आणली होती. वर मोठ्या अक्षरात "डुकरे", आणि मागे रुबार्ब गुलाबी पट्टी.

"पोरी," तो शांतपणे म्हणाला, "डुकरं गुलाबी असतात, असं तुला कुणी सांगितलं?"

मार्नी खुर्चीतून उठलीच. "मिस्टर हाउगी, मी हिरवा केला होता! शप्पथ!"

"माझी डुकरं काळी आहेत. बर्कशायर जातीची. माझ्या बापाची काळी होती. गुलाबी डुक्कर गोष्टीच्या पुस्तकात असतं, त्याला घर बांधायचं असतं."

"मी आत्ता करते, तुमच्यासमोर करते!"

केला. हिरवा, मक्याच्या पानाचा. व्हर्लिन तिच्या खांद्यावरून बघत होता, कॉम्प्युटर म्हणजे जणू खाली बसलेली गाय, कधी उठेल सांगता येत नाही. "हं," म्हणाला. टोपी घातली. "नवीन मशीन लाथ मारतंच," म्हणाला आणि गेला.

आठ वाजता आर्डिथचा निरोप होता की पाईचं भांडं नऊ इंची असं लिहायचं राहिलंय, तेवढं घाल आणि पानं परत पाठव. मार्नीनं घातलं, पाठवलं. सव्वाआठला फोन.

"मार्नी."

"हो मिसेस फ्रेरिक्स, बोला ना."

"काल माझी पट्टी रुबार्ब होती."

"हो ना, छान दिसते ना?"

"आज ती हिरवी आहे. पाईवर हिरवं काय येतं माहितीय तुला? बुरशी! आणि हा हिरवा मी ओळखते. हा एका टोपीचा हिरवा आहे. तो आला होता ना तिथं?"

"मिस्टर हाउगी आले होते, पण ते त्यांच्या—"

"बास." फोन ठेवला.

मार्नी धावत फाइलमध्ये. खरंच हिरवा! तिनं परत गुलाबी केला, बघितला, पुन्हा बघितला, पाठवला. तोपर्यंत बाकीच्यांनी गोठ्यातली कामं आटपून कालची ईमेल उघडली होती, आणि फोनला दम म्हणून नाही. गायीबैलवाला म्हणे, "गुलाबी? बैलाला? त्याला कळलं तर माझं काय होईल?" बकरीवाली म्हणे, मलाच गुलाबी का दिला, मी काय कुणाचं घोडं मारलंय? प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्याचीच फजिती केलीय, कारण दुसऱ्याची पानं कुणी बघितलीच नव्हती. मार्नी प्रत्येकाची माफी मागायची, रंग बदलायची, पाठवायची. दहा मिनिटांत दुसरा कुणीतरी एखादा स्वल्पविराम सुधारायला सांगायचा, पानं परत जायची, आणि त्याला चौथ्याचाच रंग.

दुपारपर्यंत तिची खात्रीच पटली की कुणीतरी चोरून फाइलमध्ये शिरतंय. पासवर्ड बर्नडीननं स्क्रीनवरच चिठ्ठी चिकटवून ठेवला होता, कुणीही वाचावा. मार्नीनं चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलला, कीबोर्डवर टॉवेल टाकला आणि गेलन येताच त्याला गाठला.

"खरं सांगा गेलन. तुम्ही फाइलला हात लावता का?"

"मी?" गेलन मागेच सरकला. "अगं, मी त्या मशीनसमोर मोठ्यानं बोलतसुद्धा नाही!"

"मग कोण करतंय?"

"ते मला माहीत नाही. पण मार्नी..." त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "उद्या गुरुवार."

गुरुवारी सकाळी मार्नीनं एक शहाणपणा केला. स्क्रीनचे दोन भाग केले. वर डुकरं, खाली पाई. वर डुकरांची पट्टी हिरवी केली... आणि खालची पाई तिच्या डोळ्यांदेखत हिरवी झाली! तिनं पाईला गुलाबी केलं. डुकरं गुलाबी! हिरवं. हिरवं! गुलाबी. गुलाबी! मार्नीनं माउस असा सोडला जसा तापलेला तवा सोडतात. मग सगळं पुस्तक वरून खाली फिरवलं. बैल गुलाबी. ससे गुलाबी. कोंबड्या गुलाबी. मधमाश्यांसकट सगळी काउंटी रुबार्ब!

तिनं ॲरिझोनाला फोन लावला.

"बर्नडीन? मी मार्नी, जत्रेच्या ऑफिसातून."

मागून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता. "थांब हं, माझी पाळी आहे," बर्नडीन म्हणाली. काहीतरी घरंगळलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "हं बोल. रंगाचं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गेलननं फोनवर सांगितलं की आपापले रंग निवडणार. मी तेव्हापासून वाटच बघतेय. ऐक. मथळ्याची स्टाइल आहे ना, तिच्यावर उजवीकडचं क्लिक कर. बदल करायचं निवड. खाली एक बारीकसा चौकोन असेल, त्यात खूण. लिहिलंय, आपोआप अपडेट. ती खूण असली की एका मथळ्याला काही केलं तर सगळ्यांना होतं. काढली की प्रत्येकाचं वेगळं."

मार्नीला रडूच यायला लागलं, आनंदानं. "एवढंच? एक खूण?"

"एवढंच. पण पोरी, ती चुकून नाही राहिलेली. ती मी लावलीय."

"तुम्ही? का?"

"काढून बघ ना," बर्नडीन म्हणाली. "परत माझी पाळी आली." आणि फोन बंद.

मार्नीनं खूण काढली. आहाहा! तपकिरी तपकिरीच राहिला, पिवळा पिवळाच, हिरवा हिरवाच. दहा मिनिटांत आठ मथळे, आठ रंग. तिला एवढा अभिमान वाटला की तिनं वाचनालयात जाऊन सगळे मथळे रंगीत छापून आणले आणि ऑफिसच्या भिंतीवर ओळीनं टाचले. सगळे एका वेळी, एका भिंतीवर. जत्रेच्या इतिहासात पहिल्यांदा.

आणि तिथंच माती खाल्ली.

दुपारी लोक सह्या करायला आले. आल्या आल्या भिंतीसमोर उभे. मग गायीबैलवाला म्हणाला, "हिरव्याची पट्टी माझ्यापेक्षा जाड आहे."

"सारखीच आहे," मार्नी म्हणाली. "मोजून."

"मग जाड दिसते का?"

"आणि माझा पिवळा काय वाचता येतो?" कोंबडीवाली म्हणाली. "तो बैलांचा तपकिरी बघ, कसा डोळ्यात भरतो."

"भरणारच," बकरीवाली म्हणाली. "शेणाचाच रंग आहे."

"कुणाला बोलतेस गं?"

व्हर्लिन टोपी मागे सारून भिंतीला नाक लावून उभा होता. "गुलाबी सगळ्यांच्या पुढं पुढं करतोय," एवढंच म्हणाला. आणि तेवढ्यात आर्डिथ आली. पर्समधून चष्मा काढला, लावला, पट्ट्या बघितल्या, मग मार्नीला विचारलं, "पुस्तकात डुकरं कितव्या पानावर संपतात?"

"बावन्न."

"आणि माझा विभाग?"

"त्रेपन्नवर सुरू होतो."

"म्हणजे समोरासमोर. म्हणजे पुस्तक मिटलं, की त्याची डुकरं माझ्या पाईंवर." चष्मा पर्समध्ये. पर्स टक्कन बंद. "एकदा झालंय ते. मी सही करणार नाही."

व्हर्लिन भिंतीकडे बघतच म्हणाला, "गेलन, कुणाला तरी सांग की पुस्तकातली डुकरं काही खात नाहीत."

आर्डिथ छताकडे बघत म्हणाली, "गेलन, कुणाला तरी सांग की खरी खातात. सगळ्यांचं खातात!"

गेलन दोघांच्या मध्ये उभा होता. त्यानं दोघांना कॉफी विचारली. चारपर्यंत सगळे निघून गेले आणि सह्यांचा कागद कोराच्या कोरा राहिला. मार्नी खुर्चीत बसली, फुस्स झाली, आणि केसांचा वास घेऊन बघितला. उगाच. सवय.

मग तिला बर्नडीनचा आवाज आठवला, काढून बघ ना. अस्सं होय! एकतीस वर्षं सगळ्यांना एकच राखाडी, आणि कुणी विचारलं तर बर्नडीन म्हणत असणार, काय करू बाई, मशीनच तसं आहे. माणसाशी भांडता येतं. मशीनशी कोण भांडणार? मार्नीनं फाइल उघडली, बारीक चौकोन शोधला आणि खूण परत लावली. मग आठ जणांना निरोप धाडला, उद्या नऊ वाजता, सगळ्यांनी, ऑफिसात.

शुक्रवारी नऊला घडीच्या खुर्च्या मांडल्या, कॉफी ठेवली आणि कुणाच्या तरी लग्नातला प्रोजेक्टर लावून भिंतीवर पुस्तक पाडलं. मार्नीनं माउस हातात घेतला. खोटं बोलायची सवय नव्हती हो तिला! घसा खाकरून म्हणाली, "काल जे दिसलं ते... ते टिकलं नाही. बघा."

आणि तिनं डुकरांना हिरवं केलं. खाली पाई हिरव्या झाल्या. "आं!" सगळी खोली. तिनं पाईंना तपकिरी केलं, डुकरं तपकिरी. पानं फिरवली, बैल तपकिरी, ससे तपकिरी.

"एकाला केलं की सगळ्यांना होतं," ती म्हणाली. "कॉम्प्युटर ऐकत नाही."

"काल ऐकत होता की," कोंबडीवाली म्हणाली.

"हो, काल," मार्नी म्हणाली आणि परत डुकरांना हिरवं केलं.

"आमच्या ट्रॅक्टरचं तस्संच आहे," बैलवाला एकदम म्हणाला. "गुरुवारी चालतो, शुक्रवारी नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. यंत्राचं काही सांगता येत नाही यावर केल्सो काउंटीत कुणाचं दुमत नाही. फक्त आर्डिथ मान न हलवता मार्नीकडे बघत होती, जशी बावीस वर्षं खोट्या साक्षीदारांकडे बघायची. मार्नीनं डोळे भिंतीवर ठेवले.

"मग एकच रंग ठरवा," गेलन म्हणाला. "मत घेऊ."

पहिल्या फेरीत आठ रंगांना एकेक मत. दुसऱ्या फेरीतही आठ रंगांना एकेक मत. मग गेलननं कॉफीचं भांडं उचलून सांगितलं की दोन रंग उरेपर्यंत कॉफी बंद, तेव्हा कुठं लोक हलले. दहा वाजले, साडेदहा वाजले. मधमाशीवाला चिडून दोनदा बाहेर गेला, दोनदा टोपी विसरली म्हणून परत आला. अकरा वाजता दोन रंग उरले. हिरवा आणि रुबार्ब. चार मतं, चार मतं.

"गेलन, तू टाक मत," सशांची बाई म्हणाली.

"अध्यक्षाला मत नाही. नियमात नाही." असं झरझर बोलला की घोकूनच आला होता.

अकरा वीस. बाराला चाळीसच मिनिटं, आणि फाइल ईमेलनं पाठवायची तर सोबत आठ सह्यांच्या कागदाचा फोटो हवा. मार्नीच्या डोळ्यांपुढून अंडी जायला लागली, एकामागून एक, पट्ट्यावरून. तिचं बोट आपोआप चाललं होतं. हिरवा. रुबार्ब. हिरवा. रुबार्ब. आणि रुबार्बवर थांबलं. भिंतीवर बावन्न आणि त्रेपन्न पान शेजारी शेजारी, दोन्ही गुलाबी.

व्हर्लिननं टोपी काढली. टोपी गुडघ्यावर ठेवली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

"गुलाबी ठेवा," तो म्हणाला.

कुणाला कळलंच नाही कोण बोललं. आर्डिथनं मान वळवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याला म्हणाली, "माझी कीव करू नकोस, व्हर्लिन हाउगी."

"कीव नाही. रंग बरोबर आहे. त्या पाईचा अस्साच होता, कापली तेव्हा."

"कुठल्या पाईचा?"

"डचेसच्या वेळच्या."

गेलननं हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"ती तू कधी कापलीस?" आर्डिथ हळू म्हणाली. "ती डुकरानं सोडलेली पाई संध्याकाळी जत्रेच्या लिलावात गेली. कुणी घेतली ते नावही सांगितलं नाही."

"मी घेतली. दर वर्षी मीच घ्यायचो, गेलनच्या भावाला बोली लावायला सांगून." व्हर्लिन जमिनीकडे बघत होता. "आणि डचेसनं ती सोडली नव्हती गं. डचेस त्या पाईकडेच निघाली होती, सगळ्यात आधी. मी पळत आलो आणि उचलली. बक्षिसाच्या फितींच्या कपाटावर ठेवली, आणि डचेसला बाहेर नेल्यावर परत टेबलावर."

"मग अकरा वर्षं," आर्डिथचा आवाज चढायला लागला, "अकरा वर्षं लोक मला हसतायत, आणि तू हे बोलला का नाहीस रे?"

"कसा बोलू? त्या अकरांत लॅव्हॉनची चेरीची होती."

लॅव्हॉन म्हणजे त्याची बायको. आता मात्र सगळ्यांना सगळं कळलं.

"तू बायकोची पाई डुकराला दिलीस," बैलवाला दबक्या आवाजात म्हणाला, "आणि शेजारणीची वाचवलीस?"

"दिली नाही! माझ्या एका हातात डचेसचा कान होता. दुसऱ्या हातात एकच पाई मावत होती." मग अगदी बारीक आवाजात, "आणि लॅव्हॉनच्या पाईचा तळ ओला राहतो."

आधी बकरीवाली फुटली. मग सशांची बाई, मग गेलन, आणि मग सगळी खोली. मधमाशीवाल्याला तर ठसका लागला. आर्डिथ हसली नाही. ती उठली, पाठ ताठ, मार्नीच्या टेबलाशी आली आणि हात पुढे केला.

"पेन."

तिनं सही केली, कोर्टातल्यासारखी, तारखेसकट. मागोमाग व्हर्लिन. त्यांच्यामागे ओळच लागली. अकरा चाळीसला आठ सह्या झाल्या, अकरा त्रेचाळीसला फाइल आणि कागदाचा फोटो दोन्ही ईमेलनं छापखान्यात पोचले, आणि गेलननं जाता जाता खुर्चीच्या पाठीवर हळूच थोपटलं.

सगळे गेल्यावर आर्डिथ पर्स घ्यायला म्हणून मागे राहिली.

"आपोआप अपडेट," ती म्हणाली. "स्टाइलच्या खिडकीत, खालच्या बाजूला. बारीक चौकोन."

मार्नीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "तुम्हाला... तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"बुधवारी बुरशी दिसली तेव्हाच. बावीस वर्षं टाइप केलंय, बाळा."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाशी भांडायचं ते ठरलेलं होतं ना माझं. मशीन मध्ये कशाला आणू?" तिनं पर्स टक्कन बंद केली. दारात थांबली. "खूण राहू दे तशीच. आणि सोमवारी दोन पाई आणते. एक इथं ठेव. दुसरी कुणाची ते डब्यावर लिहिणार नाही, तूच समजून घे."

ती गेली. मार्नी खुर्चीत बसली. फुस्स. दोन इंच खाली. आपली खुर्ची! खिडकीतून मैदान दिसत होतं, व्हर्लिनची गाडी फाटकातून हळूहळू बाहेर पडत होती, अगदी हळू, घरी पोचायची मुळीच घाई नसल्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला.

"जत्रेचं ऑफिस?" बाईचा आवाज, गोड, फारच गोड. "मी लॅव्हॉन हाउगी बोलतेय. आत्ता कोंबडीवाल्या बाईंचा फोन आला होता. मला एवढंच सांग बाळा, कुणाचा तळ ओला राहतो?"

मार्नीनं स्क्रीनकडे बघितलं. मग फाटकाकडे बघितलं. मग कीबोर्डवरचा टॉवेल उचलून फोनवर धरला.

"हॅलो? हॅलो? मिसेस हाउगी, काय झालंय बघा ना, आज इथलं एकही मशीन ऐकत नाहीये!"